विसरणाऱ्या माणसाजवळ बसताना



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे, थट्टेत वापरलीही आहे. आमच्याकडे एखादी म्हातारी तेच तेच बोलू लागली, की ‘बुढीले चळ लागला’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. या म्हणीनं आपलं मोठं नुकसान केलं आहे. विसरणं म्हणजे वयाचा धर्मच, असं आपण धरून चाललो. पण चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला स्मृतिभ्रंश म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत डिमेन्शिया. तो आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्या शंभर माणसांपैकी सात-साडेसात जणांना तो असावा. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांचं आणि शहरांपेक्षा खेड्यांचं प्रमाण जास्त आहे.

मी वैद्यकातला माणूस नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा पुलगावकर आहे. पण पुलगाव हे गिरणीचं गाव. आमच्या मोहल्ल्यात एक जुने गिरणी कामगार होते. गिरणी बंद पडून वर्षं लोटली, तरी ते पहाटे उठून डबा मागायचे. पाळी चुकेल म्हणून कासावीस व्हायचे. ‘बाबा, गिरणी बंद झाली,’ असं मुलगा रोज समजावायचा. ती बातमी ते रोज नव्यानं ऐकायचे आणि रोज नव्यानं खचायचे. शेवटी सुनेनं डबा भरून त्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली. डबा घेऊन ते ओट्यावर बसत, थोड्या वेळानं तिथेच जेवत आणि शांत होत. कुटुंबानं त्यांना दवाखान्यातही नेलं होतं. दोन मिनिटांत ‘वय झालं’ एवढं ऐकून ते परत आले. डबा भरून देण्याचं शहाणपण त्या सुनेला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. रोजच्या सहवासातून ते तिच्या हाती आलं.

मला आज एवढंच मांडायचं आहे, की हा सहवास उद्याच्या डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या, फिजिओथेरपिस्टच्या शिक्षणाचा भाग व्हायला हवा. वर्गात स्मृतिभ्रंशाचे प्रकार शिकवता येतात. थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य यांमुळेही माणूस विसरभोळा होतो आणि ते उपचारानं सुधारू शकतं, म्हणून आधी त्याची तपासणी करावी, हेही वर्गात सांगता येतं. पण ज्याला ‘दुखतं’ हा शब्दच उरलेला नाही, त्याचं दुखणं कपाळावरच्या आठीवरून कसं ओळखायचं? काल बरा असलेला माणूस आज एकाएकी जास्त गोंधळला, तर त्यामागे लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो, हे कधी सुचायचं? घास गिळायला त्रास होणाऱ्याला नीट बसवून, लहान लहान घास देत, पहिला उतरल्यावरच दुसरा कसा द्यायचा? हे जवळ बसल्याशिवाय कळत नाही.

ब्रिटनमध्ये २०१४ साली ‘टाइम फॉर डिमेन्शिया’ नावाचा उपक्रम सुरू झाला. ब्रायटन अँड ससेक्स मेडिकल स्कूल आणि सरे विद्यापीठ त्यात होतं. तिथे वैद्यकाचे आणि परिचर्येचे विद्यार्थी जोडीजोडीनं एका स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरी जातात. एकदाच नव्हे, दर काही महिन्यांनी, दोन-दोन वर्षं. इंजेक्शन नाही, नाडी बघणं नाही. जायचं, बोलायचं, ऐकायचं. त्या घरात विद्यार्थी शिकायला येतो आणि शिकवणारे असतात ते रुग्ण आणि त्याचे घरचे.

ही कल्पना ऐकून वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला नवल वाटू नये. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. तिथले नवे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात, मग एका खेड्यात शिबिराला जातात. तिथे त्यांच्याकडे काही कुटुंबं सोपवली जातात आणि त्या घरी ते पुढेही जात राहतात. अलीकडे, २०२१-२२ च्या तुकडीपासून, राष्ट्रीय वैद्यक आयोगानं देशभर ‘कुटुंब दत्तक’ उपक्रम अभ्यासक्रमात आणला. त्याच सेवाग्रामात परचुरे शास्त्रींना महारोग झालेला असताना गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत, हेही आपण जाणतो. म्हणजे वाट आपल्याकडे आहेच. ती विसरणाऱ्या माणसाच्या खाटेपर्यंत न्यायची आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वेगळी निवासं पुण्या-मुंबईसारख्या शहरांत आहेत. केरळात तर १९९२ साली कोचीला सुरू झालेल्या अल्झायमर्स संस्थेनं या कामाला देशात दिशा दिली. आमच्यासारख्या गावात वृद्धाश्रम आहेत, आणि त्याहून जास्त घरं आहेत. विद्यार्थ्यांनी तिथे जावं. मात्र सहल आल्यासारखं नव्हे. वीस जणांनी एका आजींभोवती उभं राहून टिपणं घेतली, तर त्यांत शिक्षण कमी आणि अपमान जास्त. दोघांनी जावं, घरच्यांना आणि शक्य तेवढं त्या व्यक्तीलाही विचारून जावं आणि पुन्हा पुन्हा जावं.

एक सवय तर आपण सगळ्यांनीच सोडली पाहिजे. भेटायला गेलो की आपण विचारतो, ‘ओळखलं का मला? सांगा बरं, मी कोण?’ विसरणाऱ्या माणसासाठी ती परीक्षा असते आणि नापास होण्याची लाज त्याला कळते. त्यापेक्षा आपणच आपलं नाव सांगावं आणि शेजारी बसावं.

भाषेचंही तसंच आहे. माझ्या नात्यातल्या एक खाला होत्या. आयुष्यभर बाजारहाट, शेजारपाजार मराठीत केला. आजार वाढला तशी मराठी गळून पडली, लहानपणची घरातली बोली तेवढी उरली. नमाज झाली हे विसरून त्या पुन्हा जानमाज अंथरायच्या. ‘खालाजान, झाली की नमाज,’ म्हटलं की रागवायच्या. मग कुणी अडवेनासं झालं. पाचाच्या सात नमाजी झाल्या म्हणून कुणाचं काय बिघडतं? अशा घरी येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या माणसाची बोली, त्याची प्रार्थना, त्याचं काम माहीत असावं लागतं. कुणाला ओवी शांत करते, कुणाला तसबीह, कुणाला हातात दिलेली भाजीची टोपली.

कुणी म्हणेल, उद्या जो आपल्याला ओळखणारच नाही, त्याच्याकडे कशाला जायचं? पण त्याला आपलं नाव आठवलं नाही तरी आपण दिलेला धीर काही वेळ त्याच्याजवळ राहतो. आवाजातली घाई आणि हाताची माया त्याला कळते. आभाराची, ओळखीची, बरं होण्याची अपेक्षा न ठेवता सेवा करायला जो विद्यार्थी इथे शिकेल, तो पुढे कुठल्याही रुग्णाला दोन मिनिटांत ‘वय झालं’ म्हणून परत पाठवणार नाही.