रोजगाराचे आकडे : वाचावे कसे?

(जिल्हा पातळीवरील माहिती व नियोजन कर्मचाऱ्यांसमोर केलेले भाषण)



एखादा प्रकल्प जाहीर झाला की, 'इतक्या कोटींची उलाढाल आणि इतक्या हजारांना रोजगार' हे वाक्य त्याच्या पाठोपाठ येतेच. ते जनतेपर्यंत पोहोचविणे हे आपले काम. त्याच्या भरवशावर कोणी जमीन देतो, कोणी शहरातील नोकरी सोडून गावी परततो. म्हणून तो आकडा कसा तयार होतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

त्याचे मूळ वासिली लिओन्तिएफ यांच्या आदान-प्रदान कोष्टकात आहे. एका उद्योगाचे उत्पादन दुसऱ्याचा कच्चा माल कसे बनते, याची ही मांडणी. या कार्याबद्दल त्यांना १९७३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या कोष्टकाच्या आधारे खर्चाचे तीन परिणाम काढतात. पर्यटकाने खानावळीत मोजलेले पैसे हा प्रत्यक्ष परिणाम. खानावळीने विकत घेतलेले धान्य व भाजीपाला हा अप्रत्यक्ष परिणाम. आणि तेथील नोकरांनी पगारातून केलेली खरेदी हा प्रेरित परिणाम होय.

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांचे उदाहरण घेऊ. २०२३ साली तेथे ३२ कोटींहून अधिक भेटींची नोंद झाली. उद्यानांच्या परिसरात पर्यटकांनी सुमारे २,६४० कोटी डॉलर खर्च केले. त्यातून देशभरात ४,१५,४०० रोजगारांना आधार मिळाला आणि एकूण उत्पादन ५,५६० कोटी डॉलरचे झाले, असा तेथील उद्यान खात्याचा अंदाज आहे. आता हे आकडे नीट पारखून पाहू.

पहिली गोष्ट, एकूण उत्पादन म्हणजे उत्पन्न नव्हे. शेतकऱ्याचा गहू पिठात, पीठ पावात आणि पाव न्याहारीत पुन्हा पुन्हा मोजला जातो. लोकांच्या पदरात किती पडले, हे मूल्यवृद्धी व श्रमाचे उत्पन्न यांवरून कळते. या उदाहरणात श्रमाचे उत्पन्न सुमारे १,९४० कोटी डॉलर आहे. श्रमाचे उत्पन्न हा मूल्यवृद्धीचाच आणि मूल्यवृद्धी ही एकूण उत्पादनाचा भाग असल्यामुळे या रकमांची बेरीज कधीही करू नये.

दुसरी गोष्ट, अशा हिशेबात पूर्णवेळ व अर्धवेळ काम बहुधा सारखेच मोजतात, आणि एक रोजगार म्हणजे एका वर्षाचे काम. समजा, तीन वर्षांच्या बांधकामासाठी ३०० रोजगार दाखविले, तर प्रत्यक्षात दरवर्षी सरासरी १०० माणसे कामावर असू शकतात.

तिसरी गोष्ट, क्षेत्र जितके लहान, तितकी पैशाची गळती मोठी. पाझर तलावाची मजुरी गावात राहते. परंतु सिमेंट व डिझेल यांचा पैसा बाहेर जातो. राज्याचा गुणक तालुक्याला लावल्यास फलित फुगते. उद्यानांचा परिसर ठरविताना अमेरिकेत भोवतालच्या सुमारे ६० मैलांच्या टापूतील जिल्हे धरतात.

चौथी गोष्ट, स्थानिक माणसाने नाटकाऐवजी उद्यानात पैसे खर्चिले, तर त्या भागात नवे काही आले नाही. पैशाने केवळ जागा बदलली. आधार मिळालेला रोजगार आणि नव्याने निर्माण झालेला रोजगार यांत म्हणूनच भेद करावा लागतो. शिवाय मजूर व माल हवे तितके, त्याच दराने मिळतील, असे हे गणित गृहीत धरते.

महाराष्ट्राला ही शिस्त परकी नाही. आपला रोजगार हमी कायदा १९७७ चा. त्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून झाली. त्या योजनेने काम मनुष्यदिवसांत मोजण्याची सवय आपल्या प्रशासनाला लावली. मजुराला किती दिवस काम मिळाले, हा प्रश्न तेथे टाळता येत नाही.

प्रतिमानाने दिलेला आकडा हा अंदाज असतो. तो हजेरीपट नव्हे. म्हणून यापुढे असा आकडा प्रसिद्धीस देण्यापूर्वी विचारावे : काम किती काळाचे? कोणत्या क्षेत्रातले? पैसा नवा की फिरवलेला? उत्तरे मिळाल्यास ती आकड्याच्या शेजारीच छापावीत. शासनाच्या शब्दावर विसंबून निर्णय घेणाऱ्या माणसाचा तेवढा अधिकार आहे.