पावलांचा हिशेब आणि चाकाचा व्यास

(यंदाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी "यंदा तुम्ही काहीतरी तांत्रिक बोला" असे सुचवले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होतो. मी काही वक्ता नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून 2003 साली रेल्वेत लागलो, आणि तेव्हापासून माझा बहुतेक वेळ इंजिनांच्या चाकांपाशी गेला आहे. भातखंड्यांच्या पुढाकाराने 1926 साली ज्या लखनौत संगीताचे कॉलेज सुरू झाले, तेथे आपल्या व्यासपीठावर गाण्यावर बोलणारी माणसे येतात, आणि तेच शोभते. पण आज सभागृहात नजर टाकली तर निम्म्या मनगटांवर पावले मोजणारा पट्टा दिसतो आहे. त्यामुळे विषय घरचाच आहे असे समजून बोलतो.

परवा आरतीला मी मुद्दाम एक प्रयोग केला. आरती सुरू होण्यापूर्वी पट्ट्यावरचा आकडा पाहून ठेवला, मग एका जागी उभे राहून नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. मंत्रपुष्पांजली संपली तेव्हा आकडा 312 ने वाढलेला होता! बाप्पासमोरून एक पाऊलही न हलता मी जवळजवळ दोनशे मीटर चालून आलो होतो.

यात पट्ट्याचा दोष नाही. त्याला पाय दिसतच नाहीत. त्याच्या पोटात एक लहानसा संवेदक असतो, त्याला अॅक्सेलरोमीटर म्हणतात. हात कोणत्या दिशेला किती झटक्याने हलला हे तो सेकंदाला अनेक वेळा टिपतो. त्या हेलकाव्यांतून ठरावीक तालाचे आणि ठरावीक जोराचे हेलकावे वेगळे काढायचे आणि त्यांना पावले म्हणायचे, असा हा कारभार. कोणता हेलकावा धरायचा आणि कोणता सोडायचा याचे नियम आतल्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असतात. त्यालाच फर्मवेअर म्हणतात. अंतर तर त्याहूनही अप्रत्यक्ष. जीपीएस चालू नसेल तर पट्टा पावलांना पावलाच्या लांबीने गुणतो, आणि ती लांबी आपण भरली नसेल तर उंचीवरून अंदाजाने धरतो. उंचीच्या साधारण 0.415 पट, हे सूत्र पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. म्हणजे किलोमीटरचा आकडा हा अंदाजाला अंदाजाने गुणून आलेला असतो. आणि फर्मवेअरचे अपडेट आले की यातला कोणताही नियम बदलू शकतो. मोबाइलवर सूचना येते ती एवढीच की किरकोळ सुधारणा केल्या आहेत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमचे सासरे आमच्याकडेच असतात. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. वय 74, पाच वर्षांपूर्वी स्टेंट बसला आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले, म्हणून मुलाने त्यांना पट्टा घेऊन दिला. नाना आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात होते. त्यांनी लगेच एक वही घातली. तारीख, फेऱ्या, पावले, किलोमीटर. कॉलनीच्या पाच फेऱ्या म्हणजे 6,100 पावले, 3.9 किलोमीटर. रोज दहावीस पावलांचा फरक, एवढेच. चौदा महिने ही वही चालली.

एका एप्रिलमध्ये रात्री पट्टा चार्जिंगला लावलेला असताना अपडेट आले. दुसऱ्या दिवशी त्याच पाच फेऱ्यांना 5,300 पावले आणि 3.56 किलोमीटर. नानांना वाटले, आपण कमी पडू लागलो. ते कोणाला काही बोलले नाहीत. वहीत मात्र लिहीत राहिले, 5,290, 5,310, 5,280. आणि मग 6,000 भरण्यासाठी त्यांनी सहावी फेरी सुरू केली. मे महिन्यातले लखनौ आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा लू वाहते. तिसऱ्या आठवड्यात ते सहाव्या फेरीत चक्कर येऊन नाल्याच्या कठड्यावर बसले. दूधवाल्याने ओळखून घरी आणले. हृदयाला काही झाले नव्हते, अंगातले पाणी कमी झाले होते, एवढ्यावर निभावले. डॉक्टरांनी विचारले, "सहा फेऱ्या कोणी सांगितल्या?" नानांनी मनगट पुढे केले.

त्या रात्री मी ती वही प्रथमच नीट वाचली. आकडे पाहताच कळले की माणूस असा एका रात्रीत आठशे पावलांनी थकत नाही. थकवा उतरणीसारखा येतो, हा कडा होता.

पुढच्या रविवारी पहाटे मी आणि मुलगा 30 मीटरचा टेप आणि खडू घेऊन निघालो. कॉलनीची एक फेरी 24 टेप आणि वर 20 मीटर भरली, म्हणजे 740 मीटर. पाच फेऱ्यांचे 3.7 किलोमीटर. मग नाना बरे झाल्यावर त्यांच्यामागून चालत मी पावले मोजली. शंभर झाली की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. एका फेरीला 1,180 पावले, पाच फेऱ्यांची 5,900. म्हणजे जुना पट्टा दोनशे पावले जास्त दाखवत होता आणि नवा सहाशे कमी! किलोमीटरचा फरक त्या मानाने कमी दिसत होता, त्याचे कारण शोधायला मला आणखी एक संध्याकाळ लागली. नानांच्या पावलाची लांबी आम्ही सुरुवातीला 64 सेंटीमीटर भरली होती. अपडेटमध्ये ती पुसली गेली आणि उंचीवरून 67 धरली गेली. एक चूक उणे, एक चूक अधिक, दोघी एकमेकींना झाकत होत्या. नानांचे खरे पाऊल पावणेत्रेसष्ट सेंटीमीटरचे आहे.

मग तोच पट्टा मी स्वतःच्या हाताला बांधून माझ्या चालीने चाललो. पावले जवळजवळ बरोबर! नानांच्या चालीने, हात फारसा न हलवता सावकाश चाललो, की पावले गळायची. म्हणजे अपडेट सरसकट वाईट नव्हते. टाळ्या, स्कूटरचे धक्के असली खोटी पावले गाळण्यासाठी कोणीतरी चाळणी बारीक केली असावी असा माझा तर्क आहे. चाळीस वर्षांच्या माणसाला त्याचा फायदा झाला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाची हळू पावले कोंड्याबरोबर बाहेर गेली. हातात काठी, छत्री किंवा नातवाची बाबागाडी असणाऱ्यांचेही असेच होते.

हे सगळे पाहताना मला शेडमधली एक रोजची गोष्ट आठवली. विजेच्या इंजिनाचे चाक नवे असते तेव्हा त्याचा व्यास 1092 मिलिमीटर असतो. झिजत आणि लेथवर कातत ते 1016 पर्यंत वापरता येते. इंजिनाचा स्पीडोमीटरही पट्ट्यासारखाच आंधळा. त्याला रूळ दिसत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो आणि परिघाने गुणतो. नवे चाक एका किलोमीटरला सुमारे 291 फेरे घेते, झिजलेले 313. चाक 1016 चे आणि मीटरमध्ये नोंद 1092 ची राहिली, तर मीटर साडेसात टक्के जास्त दाखवील. ते एक वेळ चालेल, गाडी उशिरा पोहोचेल. पण उलटे झाले, म्हणजे नवे चाक घातले आणि नोंद जुनीच राहिली, तर ड्रायव्हरला 100 दिसत असताना गाडी 107 ने पळत असेल. म्हणून चाक कातले किंवा बदलले की नवा व्यास मोजायचा, मीटरमध्ये भरायचा आणि तारखेसह रजिस्टरमध्ये लिहायचा. पट्ट्याचे चाक मात्र रात्री कोणीतरी बदलून जातो, आणि रजिस्टर कोठेच नसते.

पावले मोजून अंतर काढण्याचे काम आपल्या देशात फार चोख झालेले आहे, आणि तेही पट्ट्याशिवाय. कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातले पंडित नैनसिंह रावत यांना सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन माँटगोमेरी यांनी डेहराडूनला तयार केले. चढ असो, उतार असो, पाऊल एकाच मापाचे पडले पाहिजे, ही त्यातली मुख्य तालीम. साधारण दोन हजार पावलांचा एक मैल. हातात जपमाळ, पण 108 मण्यांची नव्हे, 100 मण्यांची. शंभर पावलांना एक मणी ओढायचा, म्हणजे पूर्ण माळेला दहा हजार पावले, सुमारे पाच मैल. नोंदीचे कागद प्रार्थनाचक्रात दडवलेले. असे मोजत ते जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोहोचले. 1877 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. माझे खडे म्हणजे त्यांच्याच माळेची नक्कल. पण मला त्यांच्या पावलांपेक्षाही महत्त्वाचे वाटते ते हे, की ते पावलांवरच विसंबून राहिले नाहीत. संधी मिळेल तेथे सेक्स्टंटने वेध घेऊन ते अक्षांश काढीत. पावलांत साचत गेलेली चूक आकाशाकडे पाहून पकडता येत असे.

आज रेल्वेत 'कवच' ही यंत्रणा बसवली जात आहे. तिचा तांत्रिक तपशील आपल्या मानकनगरच्या आरडीएसओने ठरवलेला आहे. तिच्यातही इंजिन चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजतेच. पण रुळांमध्ये स्लीपरवर जागोजागी आरएफआयडी टॅग बसवलेले असतात. टॅगवरून गाडी गेली की नेमकी जागा कळते आणि तोवर साचलेली चूक तेथे पुसली जाते. पट्ट्याला असा टॅग नाही. तो आपणच द्यायला हवा. आमच्या कॉलनीत तो टॅग म्हणजे खडूने आखलेले 740 मीटर.

तुम्ही म्हणाल, चार पावले इकडेतिकडे झाली तर एवढे काय? घरातल्या माणसाचे एक वेळ सोडून देऊ. पण नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळे दिली आणि हजेरी त्या नोंदीवर धरली जाऊ लागली. घड्याळाच्या चुकीमुळे पगार कापला गेल्याच्या कामगारांच्या तक्रारी वृत्तपत्रांतून आल्या. अरुंद गल्लीत, उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून येतो आणि उभा माणूस शेजारच्या रस्त्यावर दिसू लागतो, हे तांत्रिक सत्य आहे. ज्याच्या मनगटावर ते घड्याळ आहे त्याला टेप घेऊन ते तपासायची सोय नाही, आणि तपासले तरी ऐकायचे कोणी? आमच्या ड्रायव्हरला निदान मीटर चुकल्याची नोंद बुकात करता येते.

दहा हजार पावलांबद्दलही एक शब्द. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये एक पावलेमापक विक्रीस आला, त्याचे नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. तो आकडा तेथून जगभर गेला. 2019 साली अमेरिकेतल्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि 7,500 च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. त्या स्त्रियांची पावले कमरेला लावलेल्या उपकरणाने मोजली होती, मनगटावरच्या पट्ट्याने नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. नानांच्या पाच फेऱ्या पुरेशाच होत्या, हे डॉक्टरांनी त्यांना मग समजावून सांगितले.

आता नानांच्या वहीत अपडेटच्या तारखेला मी शेडच्या पद्धतीप्रमाणे तांबडी रेघ ओढली आहे. रेघेच्या वरचे आकडे खालच्यांशी ताडून पाहायचे नाहीत. आता ते फेऱ्या आणि मिनिटे शाईने लिहितात, पट्ट्याचा आकडा शेजारी पेन्सिलीने. नवे अपडेट आले की पुन्हा एक फेरी खडे घेऊन.

आपल्यालाही हे करता येईल. चारशे मीटरची धावपट्टी मिळाली तर उत्तमच, मात्र अगदी आतल्या पट्टीतून चाला. आठव्या पट्टीतून एक फेरी सुमारे 453 मीटर भरते, आणि मग पट्ट्याला उगीच दोष लागतो. मोबाइलचा जीपीएस झाडांखाली वळणे कापतो, त्याच्यावर फार भरवसा नको. रुळांलगतचे किलोमीटरचे दगड पाहून मात्र कृपा करून कोणी मोजायला जाऊ नका. तो रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि मला तेथे ओळखणारे लोक आहेत.

येत्या रविवारी सकाळी सहाला आम्ही जनेश्वर मिश्र पार्कच्या मुख्य दरवाजापाशी जमणार आहोत. टेप आणि खडू मी आणतो. ज्यांच्याकडे पट्टा आहे त्यांनी तो, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी खिशात वीसेक खडे घेऊन यावे. नानाही येणार आहेत. त्यांना जास्तीची फेरी मात्र कोणी घालू देऊ नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.