पाठ आपली, पाणी सगळ्यांचं

(गोराई येथे महिला मंडळाच्या आरोग्यविषयक बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषय ठरला आहे ‘कमरेच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम’. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गोराई-चारकोपच्या वस्त्यांत आणि खाडीपलीकडे गोराई गावात बायकांबरोबर काम करते, एवढंच. पण तीन वर्षांपूर्वी, चौतिसाव्या वर्षी, माझ्या कमरेतली चकती सरकली, डाव्या पायाची नस दाबली गेली आणि ऑपरेशन करावं लागलं. तेव्हा आज बोलते आहे ती टाके पडलेली बाई म्हणून.

घरी सोडताना माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर एका पुरुषाची आठ चित्रं, मऊ गादीवर झोपून पाय वर करतानाची. खाली इंग्रजीत: वाकू नका, जड उचलू नका. जड म्हणजे किती, हे मीच विचारलं. पहिले सहा आठवडे पाच किलोच्या वर नको, असं उत्तर मिळालं. आता हिशेब करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा हंडा पंधरा किलोचा. दोन-अडीच वर्षांचं मूल दहा-बारा किलोचं. घरी पाणी कोण भरतं, संडास कसला आहे, झोपायला खाट आहे की जमीन, हे मला कोणी विचारलं नाही. मी शिकलेली, विचारणारी बाई. न विचारणाऱ्या बाईचं काय होत असेल?

आपल्याकडे अशा बाईला दोनच जागा ठरलेल्या असतात. एक तर अंथरूण: “हलू नकोस, मणका सटकेल.” नाही तर मोरी: “महिना झाला ना, आता काय झालंय?” माझ्या सासूबाईंनी मायेने मला पंधरा दिवस उठू दिलं नाही. त्यांचं प्रेम खरं होतं, पण माझी मांडी त्या पंधरा दिवसांत बारीक झाली. पडून राहिल्याने मणक्याला धरून ठेवणारे स्नायू आणखी ढिले पडतात. चकतीच्या साध्या ऑपरेशननंतर बहुतेकींना एक-दोन दिवसांतच उभं करून चालवतात ते याचसाठी.

कॉक्रेन नावाचा संशोधकांचा आंतरराष्ट्रीय गट आहे. चकतीच्या पहिल्या ऑपरेशननंतरच्या व्यायामावर झालेल्या २२ चाचण्या एकत्र तपासून त्यांनी २०१४ साली अहवाल काढला. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी व्यायाम सुरू केलेल्यांचं दुखणं व परावलंबन, काहीच न करणाऱ्यांपेक्षा लवकर कमी झालं. व्यायामामुळे पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त जणांवर आली, असं दिसलं नाही. पुरावा फार भक्कम नाही, हेही त्यांनीच लिहिलं आहे. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली: देखरेखीखाली केलेला व्यायाम आणि शिकून घेऊन घरी केलेला व्यायाम, यांत मोठा फरक आढळला नाही. ज्या बाईला रोज बोरिवलीला जाणं परवडत नाही, तिच्यासाठी हे केवढं आहे! अट एवढीच, की आधी कोणीतरी नीट शिकवलं पाहिजे. आणि घर मिळालं पाहिजे.

घर मिळणं म्हणजे काय, ते सांगते. धुणीभांडी करणारी आमची एक मैत्रीण. ऑपरेशननंतर तिची तीन कामं सुटली. भरपगारी रजा तिला कोण देणार? तिची खोली दहा बाय बाराची. नवरा रात्रपाळी करून दिवसभर झोपतो, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. पाठीवर आडवं होऊन गुडघे दुमडायला जमिनीचा तेवढा तुकडा तिला मिळाला नाही. मग नवराच म्हणाला, “दिवसभर वाकून-उठून कामच करतेस, तोच व्यायाम नाही का?”

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की त्यावर थोडं थांबते. काम आणि व्यायाम एक नाहीत. व्यायामात दहा वेळा मोजून थांबता येतं, दुखलं तर कमी करता येतं, पुढच्या आठवड्यात दोन वाढवता येतात. धुणं अर्ध्यावर सोडता येत नाही. काम पाण्याच्या वेळेवर चालतं, पाठीच्या वेळेवर नाही. आणि व्यायाम तिचा स्वतःसाठी असतो. मला वाटतं, घरातल्यांना खुपतं ते हेच. बाई जमिनीवर पडून श्वास मोजते आहे आणि चहा झालेला नाही!

म्हणून आम्ही बालवाडीची खोली दुपारी दोन ते तीन मागून घेतली. सहा जणी जमलो. आणि इथे मी एक चूक केली, ती सांगायलाच हवी. मला शिकवलेले व्यायाम मी सगळ्यांना शिकवले. त्यातल्या एकीच्या पाठीत स्क्रू घालून मणके जोडलेले होते. हे ऑपरेशन वेगळं, त्याचे नियम वेगळे, वाकण्या-वळण्याची बंधनं जास्त दिवसांची. दुसऱ्या दिवशी ती दुखण्याने रडली. सुदैवाने इजा झाली नाही, पण मला आठवडाभर झोप आली नाही. तेव्हापासून कार्ड पाहिल्याशिवाय कोणालाही चटईवर घ्यायचं नाही. एक फिजिओथेरपिस्ट ताई महिन्यातून एकदा येतात, प्रत्येकीचा कागद वाचून तिला काय चालेल ते लिहून देतात. मराठीत.

चकतीचं साधं ऑपरेशन झालेल्या बहुतेकींना चालेल असं सुरुवातीचं सांगते. उठताना सरळ झटक्याने नाही. गुडघे दुमडायचे, अख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे आणि हातांनी जोर देऊन बसायचं. झोपल्या झोपल्या घोटे वर-खाली. रोज चालणं, पाच मिनिटांपासून, जमेल तसं वाढवत. पुढे, ताईंनी होकार दिला की, गुडघे दुमडून पोट आत घेणं, मग कंबर पुलासारखी उचलणं. जमिनीवरच्या संडासाला सुरुवातीला भोकाची खुर्ची लावा. धुणं दगडावर वाकून नको, बादली स्टुलावर ठेवा.

मी सगळ्यात जास्त शिकले ते मात्र गोराईच्या जेट्टीवर. ओहोटीची वेळ, पायऱ्यांवर शेवाळ, होडी खाली गेलेली. मी काठावरच अडले. पाटी घेऊन निघालेल्या एका कोळीणबाईने हात दिला. म्हणाली, “अगं, पाटी आम्ही तरी एकटीने कुठे उचलतो? दोघी उचलून देतात, मग डोक्यावर जाते.” खरंच, जमिनीवरून वजन उचलतानाचा तो क्षणच पाठीला सर्वांत भारी. त्या बायका तो वाटून घेतात. आपल्या घरात हंडा उचलून द्यायला कोण पुढे येतं?

आता एक गोष्ट लक्ष देऊन ऐका. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावर ताबा राहिला नाही, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद एकाएकी गेली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. ताप येऊन जखमेतून पाणी-पू आला, किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तरी तसंच. लघवीचं सांगायला बायका लाजतात. एका रात्रीच्या लाजेने आयुष्यभराची नळी लागू शकते.

येत्या गुरुवारी ताई येणार आहेत. ज्यांचं ऑपरेशन झालं आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड आणि एक चादर आणावी. कार्ड सापडत नसेल तरी या, रुग्णालयातून नक्कल काढायचा अर्ज आपण तिथेच बसून लिहू. आणि येताना घरच्या एका माणसाला घेऊन या, पुरुष असला तर फारच बरं. त्याला हंडा कसा उचलायचा ते शिकवायचं आहे.