पिल्लाची आई कुठं आहे?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी आज कुत्र्यांवर बोलणार आहे. मागच्या ओळीतली पोरं हसली, हसू द्या. पण विकत आणलेलं पिल्लू ज्यांच्या घरी आठवड्यात मेलं, ते हसणार नाहीत. त्यांच्यातलाच मी एक.

धाकट्या मुलीनं हट्ट धरला म्हणून पगाराच्या दिवशी लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. विकणाऱ्यानं रस्त्यावरच पिशवीतनं काढून हातात दिलं. म्हणाला, दोन महिन्यांचं आहे. पावती नाही, लसीचं कार्ड नाही. चौथ्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण. डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले, फार तर महिन्याचं असेल, पार्व्हो झालाय, आजार घेऊनच आलंय. सातव्या दिवशी ते गेलं. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. विकणाऱ्याचा फोन बंद.

मी त्याला शोधत गेलो ते पैशासाठी, खोटं कशाला बोलू? तो भेटला नाही, पण त्याची कुत्री दिसली. जिन्याखाली हातभर साखळीला बांधलेली, बरगड्या मोजाव्यात अशी, आचळं लोंबलेली आणि पोट पुन्हा वाढलेलं. शेजारीण म्हणाली, दीड वर्षात ही तिसरी खेप. पैसे मोजताना मी एकदाही विचारलं नव्हतं, की बाबा, याची आई कुठं आहे?

कापड खात्यात तागा खराब निघाला, तर कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत, हे पुस्तकात सापडतं. कामगाराला जाब द्यावा लागतो. मग जिवंत पिल्लू विकणाऱ्याचं पुस्तक कुठं आहे? मला वाटलं, असा कायदाच नसेल. पण आहे. 2017 साली केंद्र सरकारनं कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम काढले. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिची वीण घ्यायची नाही, आणि जन्मात पाचपेक्षा जास्त वेळा तर नाहीच. नोंदी ठेवायच्या. मी घेतलेल्या पिल्लाच्या बाबतीत यातलं काय पाळलं गेलं?

शिक्षेचं तर विचारू नका. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी राज्यसभेत झगडा केला होता. जनावराला उपाशी मरेल अशा हालात सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज एका पिल्लाची लससुद्धा होत नाही.

मालाला गिऱ्हाईक आपणच. 2003 साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि ज्याला त्याला पग हवा झाला. ते चपटं नाक आपल्याला गोंडस वाटतं, पण त्याच नाकामुळं त्याला उन्हाळ्यात धड श्वास घेता येत नाही. बर्फातला हस्की मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवणारेही मी पाहिलेत.

आता कडू बोलतो. आपल्या वस्तीतली दोन-चार पोरंही या धंद्यात आहेत. मला म्हणतात, काका, नोकरी कुठाय? एका खेपेला सात-आठ पिल्लं, घरबसल्या पैसा. त्यांची अडचण खरी आहे, मी स्वतः बसपाळीचे दिवस काढलेत. पण अंगुत्तर निकायात उपासकानं करू नयेत असे पाच व्यापार सांगितलेत, शस्त्रांचा, जिवंत प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. अट्ठकथेत 'सत्तवणिज्जा'चा अर्थ माणसांची विक्री असा दिलाय, हे मला ठाऊक आहे. तरी जिन्याखालची ती कुत्री पाहिल्यावर मला तेवढ्यावर थांबता येत नाही. पोरांनो, धंदा करायचाच असेल तर नोंदणी करा, आईला दाखवा, पावती द्या, पिल्लू आजारी निघालं तर फोन उचला. आणि घेणाऱ्यांनो, आई दाखवत नसेल तर तसेच माघारी या. गल्लीत पिल्लं काय कमी आहेत?

त्या कुत्रीचं पुढं काय झालं, असं काल एका ताईंनी विचारलं. मी पोलिस ठाण्यात अर्ज दिला, त्यावर शिक्का मिळाला. महिन्याभरात तो माणूस खोली सोडून गेला, तिला तिथंच ठेवून. पोटातली पिल्लं जगली नाहीत. ऑपरेशन करून आता ती आमच्या गॅलरीत असते. कुठं साखळी वाजली की अजून कॉटखाली जाऊन बसते.

जय भीम! नमो बुद्धाय!