खाल्ल्या मिठाला जागणे : आंतरराष्ट्रीय सेवकाचे वेतन



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुवर्यांच्या नावाने बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मराठीच्या प्राध्यापकाने वेतन, कर आणि भत्ते हा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपले बडोदे शहरच परमुलखातल्या चाकरीचा इतिहास सांगणारे आहे. गायकवाड सरकारच्या सेवेसाठी आलेल्या घराण्यांचे वंशज आज या सभागृहात बसले आहेत. त्यांच्यापैकी काहींची मुले जिनिव्हा, न्यूयॉर्क, नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत जातात. लग्नकार्यात त्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘डॉलरमध्ये पगार, आणि वर कर नाही!’ या अर्धसत्याची उरलेली बाजू मला आज मांडावयाची आहे.

आरंभ शब्दांपासून करतो. तो माझा प्रांत आहे. ‘वेतन’ संस्कृत, ‘तनखा’ फारसी, ‘मुशाहिरा’ अरबीतून आलेला, आणि ‘पगार’ पोर्तुगीजांनी दिलेला. राज्ये बदलली तसे शब्द बदलले. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ ही कल्पना मात्र टिकून राहिली. जो पोसतो त्याच्याशी निष्ठा, हा तिचा अर्थ. कौटिल्याने अर्थशास्त्रात सेवकांच्या भरणपोषणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि मंत्री, पुरोहित, सेनापती आदींना ४८,००० पण वेतन सांगितले. एवढ्या वेतनामुळे ते मोहाला बळी पडत नाहीत आणि असंतुष्टही होत नाहीत, हे कारणही त्याने दिले. शिवछत्रपतींनी वतनाऐवजी रोख वेतनावर भर दिला, त्यामागेही हेच शहाणपण होते. वतनावर जगणारा वतनाचा होतो, वेतनावर जगणारा राज्याचा.

पण ज्या सेवकाला राजाच नाही, त्याने कोणाच्या मिठाला जागावे? पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला, तेव्हा हा प्रश्न प्रथमच उभा राहिला. पहिले महासचिव सर एरिक ड्रमंड यांनी सचिवालय खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय ठेवण्याचा आग्रह धरला. १९२१ साली जॉर्ज नोबलमेअर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वेतनाचे तत्त्व घालून दिले : वेतन असे असावे की, सर्वांत अधिक पगार देणाऱ्या देशाचा नागरिकही या सेवेत येण्यास तयार व्हावा. तसे न केल्यास श्रीमंत देशाचा माणूस येणार नाही. आणि प्रत्येकास त्याच्या देशाप्रमाणे वेतन दिल्यास समान कामाला असमान दाम मिळेल. म्हणून व्यावसायिक श्रेणीतील सेवकांसाठी आजही अमेरिकेच्या संघराज्य सेवेशी तुलना होते, आणि निव्वळ वेतन तिच्याहून सुमारे १० ते २० टक्के अधिक असावे, अशी मर्यादा पाळली जाते. हे अधिक्य घर आणि देश सोडण्याचे मोल आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १०० व्या कलमाने तर स्पष्टच सांगितले की, सेवकाने कोणत्याही सरकारकडून आदेश मागू नयेत वा स्वीकारू नयेत. आता कराकडे पाहा. १३ फेब्रुवारी १९४६ च्या करारान्वये संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांचे वेतन करमुक्त झाले. भारताने १९४७ साली तसा कायदा केला. ही सवलत वेतनापुरती आहे. त्याच माणसाच्या भारतातील घराचे भाडे वा ठेवीवरील व्याज तिच्यात येत नाही.

आणि वेतनावर काहीच कापले जात नाही, असेही नाही. १९४८ मध्ये संघटनेने स्वतःची आकारणी सुरू केली. स्थूल वेतनातून ही रक्कम वजा होऊन निव्वळ वेतन हाती पडते. १९५५ साली त्यासाठी कर-समीकरण निधी स्थापन झाला. या निधीतील रक्कम सदस्य राष्ट्रांच्या वर्गणीत वळती केली जाते. अमेरिका १९७० मध्ये या करारात सामील झाली, पण आपल्या नागरिकांवर कर लावण्याचा हक्क राखून. म्हणून अमेरिकी सेवक आपल्या सरकारला कर भरतो आणि त्याची भरपाई अमेरिकेच्याच खात्यातून होते. एकाच टेबलाशी बसलेल्या दोघांच्या हाती समान दाम पडावा, यासाठी हा सारा खटाटोप आहे.

भत्त्यांचेही तसेच. महागाईच्या शहरात वेतनाची किंमत घटू नये म्हणून न्यूयॉर्क आधार धरून स्थानिक समायोजन दिले जाते. मुलांच्या शिक्षणाला अनुदान मिळते. सामान्यतः दोन वर्षांतून एकदा स्वदेशी रजा मिळते. निवृत्तिवेतन निधीत सेवक ७.९ टक्के, तर संघटना १५.८ टक्के भरते. स्वदेशी रजेच्या तरतुदीकडे मी भाषेचा शिक्षक म्हणून आदराने पाहतो. आजीशी आजीच्या भाषेत बोलू शकणारे मूल हे त्या रजेचे खरे फळ होय.

मित्रहो, हे मीठ अळणी करण्याचे प्रयत्न कमी झाले नाहीत. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत सेवकांना वेतनाचा भाग आपल्या सरकारकडे जमा करावा लागे. दुसऱ्या बाजूला, १९५२-५३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे उत्तरे देण्यास नकार देणाऱ्या अमेरिकी कर्मचाऱ्यांना सेवेतून काढण्यात आले. प्रशासकीय न्यायाधिकरणाने त्यांपैकी अकरा जणांना भरपाई मंजूर केली. ती देण्यास सर्वसाधारण सभा नकार देऊ शकते काय, असा प्रश्न निघाला; आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ जुलै १९५४ रोजी ‘नाही’ असा अभिप्राय दिला. एकाने वेतन हिरावले, दुसऱ्याने नोकरी हिरावली. दोहोंचा रोख एकच होता, सेवकाची मान आपल्या दाव्यात आणणे.

या व्यवस्थेतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. स्थानिक पातळीवर नेमलेल्या चालकास वा कारकुनास वेगळे तत्त्व लागू होते. त्याचे वेतन त्या गावातील उत्तम मालकांच्या बरोबरीने ठरते. हे तर्काला धरून आहे. पण युद्धभूमीवर एकाच गाडीत बसलेल्या दोघांना हा फरक टोचल्यावाचून राहत नाही. जिनिव्हा येथे २०१७ मध्ये समायोजन घटविण्याचा निर्णय झाला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या न्यायाधिकरणाने तो रद्द ठरविला, तर संयुक्त राष्ट्रांच्या अपील न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये आपल्या सेवकांपुरता तो कायम ठेवला. समान दामाच्या तत्त्वाला एकाच शहरात तडा गेला.

सर्वांत मोठी उणीव वर्गणीत आहे. सेवक कोणा एका राष्ट्राचा नसला तरी वेतनाचा पैसा राष्ट्रांकडूनच येतो. मोठी राष्ट्रे वर्गणी थकवतात, तेव्हा तिजोरी रिती होते. २०२५ मध्ये महासचिवांनी पुढील वर्षाच्या नियमित अर्थसंकल्पात १५ टक्क्यांहून अधिक कपात आणि हजारो पदे कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. कलम १०० आदेश देण्यास बंदी घालते. वर्गणी थांबविणारा मात्र आदेश न देताही पुष्कळ काही करवून घेऊ शकतो. वेतनाची हमी ढळली की सेवकाचे स्वातंत्र्य त्याच्या वैयक्तिक धैर्यावर येऊन पडते, आणि कोणत्याही संस्थेने आपल्या माणसांच्या धैर्यावर इतका भार टाकू नये.

तेव्हा पुढच्या वेळी लग्नाच्या पंगतीत ‘वर कर नाही’ हे वाक्य कानी आले, तर आपण एवढेच विचारावे : त्या मिठाला तो जागतो आहे ना? करमुक्ती हे त्या सेवकाला मिळालेले इनाम नव्हे. कोणत्याही एका सरकारच्या मुठीत त्याचे वेतन जाऊ नये, यासाठी घातलेले ते कुंपण आहे. या शाळेतून जी मुले त्या सेवेत जातील, त्यांनी कुंपणाचा लाभ घ्यावा, पण ते कशासाठी घातले आहे याचा विसर पडू देऊ नये.