मागची काच कधी बदलावी?



मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. गॅरेजमध्ये उभा असलो की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, मागच्या काचेला लागलंय, पण फुटलेली नाही. चालेल ना?" विचारणाऱ्याला 'चालेल' हेच उत्तर हवं असतं, कारण नवी काच म्हणजे खर्च आणि दिवसभराचा खोळंबा. पुढच्या काचेला तडा गेला तर तो रोज डोळ्यांसमोर असतो, दर आठवड्याला थोडा लांबतो, आणि माणूस कधी ना कधी काचवाल्याकडे जातोच. मागची काच असा अवधी देत नाही. ती जाते तेव्हा एकदम, सगळीच्या सगळी जाते. म्हणून तिचा निर्णय ती जाण्याआधी घ्यावा लागतो.

या दोन काचा मुळातच वेगळ्या आहेत. पुढची काच म्हणजे दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा. हिला लॅमिनेटेड काच म्हणतात. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाने १९०९ साली तिचं पेटंट घेतलं. दगड लागला तर बाहेरची काच तडकते, पण पापुद्रा तुकडे धरून ठेवतो. छोटा टवका उडाला असेल तर त्यात रेझिन भरून तो बुजवताही येतो.

मागची काच बहुतेक गाड्यांत एकाच थराची, टफन केलेली असते. तयार काच सव्वासहाशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत मारून झटक्यात थंड करतात. बाहेरचा भाग आधी गार होऊन घट्ट होतो. आतला भाग मागाहून आकसायला लागतो, पण बाहेरचा थर त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत बाहेरचा थर कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा कायमचा ताणाखाली. उसाची मोळी जशी करकचून आवळलेल्या दोराने एकत्र राहते, तशी ही काच त्या बाहेरच्या दाबाने एकसंध राहते. दोर एका जागी तुटला तरी सगळी मोळी सुटते. म्हणून ही काच साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त मार सोसते, आणि हरली की तिचे हजारो बोथट खडे होतात. खडे होणं हा तिचा दोष नाही. लांब धारदार सुऱ्या अंगावर येऊ नयेत म्हणूनच ती तशी बनवलेली असते.

काचेचा हा स्वभाव माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटी असलेला मणी तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो टिकतो. शेपटीचं टोक मोडलं की क्षणात त्याचा भुगा होतो. राजपुत्र रूपर्टने हे मणी इंग्लंडात आणले आणि १६६१ साली रॉयल सोसायटीतल्या मंडळींनी त्यांवर प्रयोग केले. मागच्या काचेलाही अशी नाजूक शेपटी आहे. ती म्हणजे तिची कड.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. मागची काच साधारण तीन ते चार मिलिमीटर जाडीची असते आणि दाबाखालचा थर प्रत्येक बाजूने जाडीच्या पाचव्या भागाएवढा, म्हणजे एक मिलिमीटरसुद्धा नाही. चरा त्या थराच्या आत थांबला तर काच उभी राहते. तो ओलांडून गाभ्याला पोचला तर काच उरतच नाही. म्हणजे तुमच्या समोर उभ्या असलेल्या काचेवरचा चरा अजून गाभ्यापर्यंत गेलेला नाही, एवढं नक्की. मात्र किती अंतर शिल्लक आहे ते बाहेरून दिसत नाही.

म्हणून बोटाचं नख घ्या आणि काच पुसून ते चऱ्यावरून आडवं फिरवा. नख न अडखळता सरकलं, तर तो नुसता ओरखडा आहे. धुताना फडक्यात वाळू होती, वायपरचं रबर झिजून पत्रा घासला, अशी त्याची कारणं असतात. त्यासाठी काच बदलू नका. नख अडकलं, तर चरा कुठे आहे ते पाहा. काचेच्या मध्यावर, आखूड आणि एकटा असेल, तर लक्ष ठेवून गाडी चालवता येईल. लांब असेल, एकात एक गेलेले दोन-तीन असतील, किंवा कडेच्या दिशेने गेले असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: बदला. खोल चरा पॉलिश करून घालवण्याच्या फंदात पडू नका. घासून काढायचा म्हणजे आजूबाजूचा दाबाचा थरच पातळ करायचा, आणि वर तिथे खळगा पडून मागची गाडी वेडीवाकडी दिसते ती वेगळीच.

कडेचा टवका मात्र वाट पाहण्याची गोष्ट नाही. तांदळाच्या कणीएवढा असला तरी काच बदलायला घ्या. डिकीत शिडी किंवा लोखंडी रॉड घातला आणि डिकी आपटली, काच आधी काढून पुन्हा बसवताना पातं लागलं, अशा वेळी हे टवके उडतात, आणि काळ्या पट्ट्याखाली किंवा रबराखाली लपतात. मागे वायपर असलेल्या गाड्यांत वायपरचा दांडा काचेतल्या भोकातून बाहेर येत असेल, तर त्या भोकाची कड ही सुद्धा कडच. दांडा गंजून घट्ट बसला असेल किंवा नट वाजवीपेक्षा जास्त आवळला असेल तर तिथून काच जाते. मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर धडधाकट टफन काचेला काही होत नाही. कडेला टवका असलेली काच त्याच पाण्याने फुटू शकते, आणि मालक पाण्याला दोष देतो.

काही जण म्हणतात, "आमच्या मागच्या काचेला लांब तडा आहे, तरी ती वर्षभर टिकलीय." टफन काचेला असा तडा टिकत नाही. मग तो एक तर नुसता लांब चरा आहे, नाहीतर काच लॅमिनेटेड आहे. काचेच्या खालच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. 'टफन्ड', 'टेम्पर्ड' की 'लॅमिनेटेड' ते तिथे लिहिलेलं असतं. जुन्या जिप्सीला, कापडी छताच्या थारला मागे काचच नसते, मऊ प्लॅस्टिकची खिडकी असते. ती पिवळी पडून मागचे दिवे धूसर दिसायला लागले की बदलायची, एवढा साधा हिशेब.

आणखी एक फसवी अवस्था आहे. काच फुटलेली असते, पण जुन्या फिल्ममुळे किंवा खडे एकमेकांत अडकून बसल्यामुळे जागेवर उभी असते, पांढरी, जाळी पडल्यासारखी. अशी गाडी लोक दोन-दोन दिवस चालवतात. कृपा करून चालवू नका. एका गतिरोधकावर ती आत, मागच्या सीटवर येते, आणि तिथे बहुतेक वेळा मुलं बसलेली असतात.

काच शाबूत आहे, पण इतर काही बिघडलं आहे, अशा वेळी बदलण्याची घाई करू नये. मागच्या काचेवर ज्या तपकिरी आडव्या रेषा असतात त्या डिफॉगरच्या. चांदीयुक्त रंगाने छापून त्या काचेवर भाजलेल्या असतात. त्यांतून वीज वाहिली की त्या तापतात आणि पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवतात. एखादी रेष तुटली तर चांदीच्या वाहक रंगाने ती जोडता येते. कडेची वायरची पट्टी निघाली तर तीही पुन्हा बसवता येते. बऱ्याच रेषा गेल्या असतील आणि तुम्ही पावसात घाटातून नेहमी जात असाल, तर मात्र नवी काच घेणं मी योग्य समजतो. या रेषा बहुतेक वेळा आपल्याच हाताने जातात. 'आईचा आशीर्वाद' किंवा मुलांच्या नावांचं स्टिकर आतून लावायचं आणि काढताना ब्लेडने खरवडायचं, की रेषाही त्याबरोबर निघतात. स्टिकर बाहेरून आणि लहान लावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० वा नियम सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि काच तशाच अवस्थेत राखलीही पाहिजे.

पावसाचं पाणी डिकीत येत असेल तर दोष बहुधा रबराचा किंवा चिकटवलेल्या सांध्याचा असतो; काच तीच ठेवून सांधा नवा करता येतो. पण गाडीला मागून धडक बसली असेल, काच वाचली असेल, आणि काचेभोवतीची फट एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी दिसत असेल, तर चौकट पिळली आहे. आधी पत्र्याचं काम करा. वाकड्या चौकटीत नवी काच बसवली तर ती त्या पिळाने पुन्हा फुटते, आणि दुसऱ्या काचेच्या पैशांवरून वाद होतात. ते वाद मी पाहिलेले आहेत.

समजा काच फुटलीच. जाड प्लॅस्टिक चिकटवून गॅरेजपर्यंत जाणं समजू शकतो, पण त्यावर आठवडा काढू नका. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर उघड्या जागेतून आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. जायचंच असेल तर पुढच्या खिडक्या उघड्या ठेवा, ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर लावा आणि कमी वेगाने जा.

काचेचे खडे झाडण्याआधी फोटो काढा. चोरीसाठी काच फोडली असेल तर पोलिसांत तक्रार द्या. विम्याचं गणित मात्र शांतपणे करा. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा लागत नाही, ही चांगली गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. अनिवार्य कपात असते: १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००. खरा प्रश्न नो क्लेम बोनसचा. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होतो आणि सलग पाच वर्षं दावा केला नाही तर ५० टक्क्यांपर्यंत जातो. समजा तुमच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८,००० रुपये आहे आणि ५० टक्के बोनस मिळतो आहे. दावा केलात तर पुढच्याच वर्षी ४,००० रुपये जास्त जातील, आणि पुन्हा ५० टक्क्यांवर यायला पाच वर्षं लागतील. लहान गाडीची साधी काच असेल तर खिशातून भरणं स्वस्त पडू शकतं. मोठ्या गाडीची, अँटेना आणि डिफॉगर असलेली काच असेल तर दावा करा. सर्व्हे होण्याआधी काच बदलू नका.

नवी काच घेताना कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का पाहा. मोटारीच्या सुरक्षा काचेचं मानक आयएस २५५३, भाग दोन. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुनी काच मिळते, आणि प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीच्या मालकाला तोच आधार आहे. तशी काच घेताना चारही कडांवरून उजेडात नजर फिरवा. कडेला टवका असेल तर फुकटसुद्धा घेऊ नका. टफन काच नंतर कापता किंवा घासून बसवता येत नाही, त्यामुळे 'थोडी मोठी आहे, जमवून घेऊ' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आजच्या बहुतेक गाड्यांत काच पॉलियुरेथेनने चिकटवतात. ते हवेतल्या दमटपणाने पक्कं होतं, म्हणून कोकणात लवकर आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सावकाश. किती तास गाडी हलवायची नाही ते चिकटवणाऱ्यालाच विचारा. त्या दिवशी एक खिडकी थोडी उघडी ठेवा, कारण सगळं बंद करून दार आपटलं की आतली हवा ओल्या सांध्यावर ढकलली जाते. सांधा पक्का झाला की गॅरेजवाल्याला पाण्याचा पाइप धरायला सांगा, आणि डिफॉगर, वायपर, वरचा ब्रेकचा दिवा तुमच्यासमोर लावून पाहा.

आणि सफाईच्या वेळी मागच्या सीटबेल्टची बकलं विसरू नका. खडे तिथे हमखास शिरतात. बकल 'टिक्' वाजतं, पण पट्टा पुरता अडकलेला नसतो. व्हॅक्यूमने ती साफ करून घ्या, पट्टा अडकवून जोरात ओढून पाहा. लहान मुलाची सीट असेल तर तिचं कापड काढून झटका. एखादं बकल नीट लागत नसेल तर सर्व्हेच्या वेळीच सर्व्हेअरला दाखवा. ते काचेबरोबर त्याच दाव्यात मांडता येतं.