ओटीवरचा अर्ज

दासगावहून आम्ही पाचजणी बोलतोय. खरं तर बोलतेय एकच, बाकी चौघी शेजारी बसून खुणा करतायत. म्हणून सगळीकडे 'आम्ही' म्हणणार आहोत, सांभाळून घ्या.

आमच्यातली एक निवृत्त शिक्षिका, एक अंगणवाडीताई, एक शिवणकाम करणारी, एक बचतगटाचे हिशेब लिहिणारी आणि एक ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवणारी. दर गुरुवारी दुपारी चार वाजता आम्ही बाईंच्या ओटीवर बसतो. सुरुवात रेशनकार्डाच्या अर्जांपासून झाली. मग शिष्यवृत्त्या आल्या. आणि गेल्या तीन-चार वर्षांत गावातल्या, वाड्यांवरच्या मुली एक वेगळाच अर्ज घेऊन यायला लागल्या: वकिलीचा.

वकिलीला जायचं म्हणजे आधी सीईटी. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी राज्याची वेगवेगळी परीक्षा असते. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे ऐकलं की निम्म्या मुलींची भीती जाते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट मात्र इंग्रजीतच, आणि तिथं चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. राज्याच्या प्रवेशासाठी खुल्या गटाला 45 टक्के, इतर मागासवर्गाला 42, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात. आणि वयाची अट नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण दोन लेकरांची आई असलेली एक जण ओटीच्या पायरीवर उभी राहून 'माझं आता काय वय राहिलंय' म्हणत होती. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. अलिबागला कॉलेज आहे, रत्नागिरीला आहे, मुंबई-पुण्याला तर आहेतच.

या अर्जात स्वतःबद्दल काही लिहायचं नसतं. तिथं घोळ होतो तो नावांचा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, लग्नानंतर तिसरं. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत आधी काढून ठेवा. नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्याची मुदत कधी संपते ते बघा, आणि जात पडताळणीचा अर्ज निकालाची वाट न बघता टाका. 2024 च्या जुलैत सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणातल्या आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. पण प्रवेश सरकारी फेरीतून घेतलेला पाहिजे. एजंटाच्या ओळखीनं थेट जागा घेतली तर ही सवलत हातची जाते. कॉलेजात विचारून घ्या, आणि लेखी विचारा.

हे झालं कागदांचं. आज बोलायचंय ते दुसऱ्याच एका अर्जाबद्दल. तो आम्हांला जड गेला.

गेल्या दिवाळीनंतर एक मुलगी आली. आमच्या डोळ्यांदेखत वाढलेली. मुंबईत पाच वर्षं वकिली शिकली, 2021 पासून महाडच्या कोर्टात एका वकिलांकडे ज्युनिअर आहे. तिला इंग्लंडला एलएलएम करायचंय. 'काकू, बाकी सगळं भरलं. एक पान राहिलंय,' म्हणाली. ते पान म्हणजे पर्सनल स्टेटमेंट. तुम्ही कोण, हाच विषय का, आत्तापर्यंत काय केलं, पुढं काय करणार, हे स्वतःच्या शब्दांत सांगायचं. तिनं दोन महिने त्या पानावर एक ओळ लिहिली नव्हती.

आम्हांला हसू आलं. कोर्टात दुसऱ्यांसाठी तासभर बोलणारी पोरगी, आणि स्वतःबद्दल एक ओळ नाही? मग लक्षात आलं, आम्हांला तरी कुठं येते? लहानपणापासून 'मी मी करू नये' हेच ऐकलंय. शहरात एकानं तिला पंधरा हजारांत तयार स्टेटमेंट देतो म्हणून सांगितलं होतं. तिनं मोबाईलवरच्या एआयकडूनही एक लिहून घेतलं होतं. बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, 'इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण ह्यात दासगावच्या जागी दिल्ली घातलं तरी काही बिघडत नाही.'

मग आम्ही कंबर कसली. आणि चूक केली.

तुम्हांला ठाऊक आहे, 2005 च्या जुलैत आपल्याकडे दरडी कोसळल्या. जुई, रोहण, कोंडिवते आणि आमचं दासगाव. ही तेव्हा सात वर्षांची. तिची आजी त्यात गेली. नंतर कित्येक वर्षं ही माणसं हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि पोरं ट्रकच्या सावलीत अभ्यासाला बसायची. आम्हांला वाटलं, हेच लिहावं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि पोरीला प्रवेश मिळेल. चौघींनी आठवणी सांगितल्या, बाईंनी लिहून काढलं. आजीच्या बांगड्या कशा सापडल्या, तेही घातलं.

पुढच्या गुरुवारी तिला वाचून दाखवलं. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, 'मावशी, ही मी नाही. ही तुम्ही रडलात ती आहे.' आणि थोड्या वेळानं, 'आजीला मी फीसाठी नाही वापरणार.' चहा न पिता उठून गेली.

आमच्यात त्या दिवशी भांडण झालं, लपवत नाही. एक म्हणाली, एवढा मान बरा नव्हे, गरजवंताला अक्कल नसते. दुसरी म्हणाली, सरकारी मदतीच्या प्रत्येक अर्जात आपण हेच करत आलो, आपलं दुःख सगळ्यांत मोठं कसं ते दाखवायचं, म्हणून आपल्याला दुसरं लिहिताच येत नाही. ते खरं होतं. अनुदानाच्या अर्जात 'माझ्याकडे काय नाही' ते सांगतो आपण. इथं 'मी काय केलं' ते विचारलं होतं.

अंगणवाडीताई तिच्या घरी गेली, आणि लिहून द्यायला नाही, नुसतं विचारायला. तू अर्ज करायला कधी शिकलीस? तिनं सांगितलं: चौदा वर्षांची असताना. वडील मुंबईला कामाला, घराच्या कागदासाठी आई आणि ती एका कार्यालयात गेल्या. खिडकीतून उत्तर आलं, 'घरातला पुरुष पाठवा.' त्या रात्री हिनं शाळेच्या वहीच्या पानावर पहिला अर्ज लिहिला: कागदावर आईचंही नाव लावावं म्हणून. किती खेपा झाल्या? अकरा. नाव लागलं? नाही. मग काय केलंस? बारावा अर्ज.

हे आम्हांला माहीत नव्हतं. समोर राहतो आम्ही.

आणि तिनं न सांगितलेलं आम्हांला माहीत होतं. 22 जुलै 2021 ला महाडात पाणी शिरलं, त्याच दिवशी तळियेला दरड आली. ही तेव्हा परीक्षा संपवून नुकतीच घरी आलेली. पुढचे आठ-दहा दिवस देवळाच्या पडवीत बसून बायकांचे पंचनाम्याचे अर्ज लिहीत होती, आणि प्रत्येकीला विचारत होती, 'घर कुणाच्या नावावर?' एका वहीत ती नोंद करत होती. ती वही तिच्या लेखी किरकोळ. आम्ही म्हटलं, बाय, तीच आण. त्या वहीत साठ-एक घरं होती, आणि बाईचं नाव असलेली बोटांवर मोजण्याइतकी. तिला एलएलएमला काय शिकायचंय? आपत्तीनंतरचं पुनर्वसन आणि त्यात बायकांचा मालकी हक्क. म्हणजे विषय वहीतच होता.

मग तिनं लिहिलं. तिनंच. आम्ही फक्त विचारत होतो: हे कधी? किती? कुणासमोर? पुढं काय झालं? 'मला न्यायाची तळमळ आहे' असं लिहिलं की शिवणवाली म्हणायची, 'तळमळ दिसली कुठं ते सांग.' वाक्य खोडलं जायचं आणि त्या जागी वही यायची. दरडीला तिनं एकच वाक्य दिलं: आमचं घर 2005 मध्ये गेलं, आणि नव्या घराच्या कागदापासून माझी गोष्ट सुरू होते. आजी त्यात नाही. ज्या खटल्यात ती हरली तोही तिनं घातला. आमचा विरोध होता, पण बाई म्हणाल्या, राहू दे, हरल्यावर काय वाचलं ते पुढच्याच ओळीत आहे.

ज्यांच्या मुली बारावीनंतरच इंग्लंडच्या पदवीला अर्ज करतायत त्यांच्यासाठी एक जाताजाता. तिथं आता एकसंध निबंधाऐवजी तीन प्रश्न असतात: हाच विषय का, अभ्यासानं तुमची तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलं. सगळं मिळून चार हजार अक्षरं, मोकळ्या जागा धरून. तिथं लिखाण दुसऱ्या कुणाशी जुळतं का हे तपासतात, तेव्हा विकतचं पान धोक्याचं.

राहिली शिफारसपत्रं. इथं ती अडली. 'सरांना कसं मागू, उपकार होतील.' तेव्हा आम्ही तिला बाबासाहेबांचं सांगितलं. 1916 साली ते न्यूयॉर्कहून लंडनला गेले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीला आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, तेव्हा कोलंबियाचे त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्यांच्यासाठी पत्र दिलं होतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 ला परतावं लागलं, 1920 ला पुन्हा गेले, 1922 ला बॅरिस्टर झाले. आणि चवदार तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला तो 17 मार्च 1937 ला, म्हणजे 1927 च्या सत्याग्रहानंतर दहा वर्षांनी. तिच्या अकरा खेपा त्यापुढं काय, असं एक जण म्हणाली, पण तिला ते आवडलं नाही. 'बाबासाहेबांशी नका तोलू मला, काकू.' बरोबरच होतं.

आपल्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे मात्र तिनं स्वतःहून काढले. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही त्यांना महाडच्या इंग्रजी शाळेनं अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. त्याविरुद्ध लेखी तक्रार गेली, आणि दार उघडावं लागलं. हेच मोरे पुढं 1927 च्या महाड परिषदेच्या तयारीत पुढं होते. 'आपल्या गावातला जुना प्रवेशअर्ज तो,' ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सरांकडं पत्र मागायला गेली. सरांनी लगेच होकार दिला. फक्त म्हणाले, तू काय काय केलंस त्याची यादी आण, मला आठवत नाही. तर मैत्रिणींनो, पत्र मागताना यादी, अर्जाची प्रत आणि शेवटची तारीख सोबत न्या, आणि निदान महिनाभर आधी जा.

पैशाचं अजून ठरलेलं नाही. राज्याच्या समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी. तिचा अर्ज ती भरतेय. एकलव्य फाउंडेशन घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना असल्या अर्जांत मदत करते, राजू केंद्रे यांनी ती सुरू केली. तिथंही तिनं नाव नोंदवलंय. वकिलीच्या राष्ट्रीय विद्यापीठांसाठी गरजू मुलांना तयार करणारी आयडिया नावाची संस्था आहे, शमनाद बशीर यांनी 2010 मध्ये सुरू केलेली. धाकट्या मुलींनी तिकडं चौकशी करावी.

अर्ज गेला. एका विद्यापीठाचा नकार आला, तो तिनं ओटीवर सगळ्यांसमोर वाचला. दुसऱ्याकडून होकार आलाय, शिष्यवृत्तीचा निकाल बाकी आहे. तोवर ती कोर्टात जातेय, आणि गुरुवारी आमच्यात सहावी म्हणून बसतेय. तिच्या आईच्या नावाचा तेरावा अर्ज आता आम्ही लिहितोय, आणि या वेळी ती खोडतेय.

वीर स्टेशनकडून येणाऱ्यांनी हायवेला उतरून बाईंचं घर विचारावं, कुणीही दाखवील. येताना मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. आणि एक कोरी वही.